तळाची झडप

अंबाबाईच्या काळजात धातूची झडप बसवून वर्ष झालं, तरी तिच्या टकटकीनं नवऱ्याचं, नामाचं, डोकं उठायचं. रक्त पुढं जाऊ द्यायचं, मागं फिरू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम, असं डॉक्टर म्हणाले होते. मिटताना ती वाजते, हे मात्र पोशीर गावात, घरी आल्यावरच कळलं.

"तिला जरा गप कर गं," नामा आजही जेवताना वैतागला.

"ती गप झाली की मी बी गप," म्हणत अंबाबाईनं त्याला आणखी भात वाढला.

जेवण उरकून तो तणतणत परसातल्या विहिरीवर गेला. तिथंही तीच रड. पाइपाच्या तळाची झडप पाणी धरत नव्हती. रोज पाइपात दहा कळश्या ओतल्याशिवाय पंप पाणी उचलत नव्हता. त्यानं पाइप वर ओढला आणि झडप सोडवून हातात घेतली.

टक. टक. टक.

पाणी नव्हतं, पाइप नव्हता, तरी झडप वर उघडत होती आणि मिटत होती. ठेका ओळखीचा होता.

"हितं बी तेच," म्हणत त्यानं चिडून तिच्यावर अंगठा दाबला. आवाज थांबला. त्याला बरं वाटलं.

सून सुरभी धावत दारात आली. "आबा, लवकर या. आईंची टकटक थांबलीय."

नामानं झटकन अंगठा उचलला.

"वाजली, वाजली," आत वळून सुरभी म्हणाली.

नामा मात्र हातातल्या झडपेकडं बघत राहिला. ती आता उलट्या बाजूला उघडत होती.