पाटावरचं धनुष्य

“हे इथे कुणी ठेवलं?” यतीनरावांनी पाटाकडे बोट दाखवलं.

खंडेनवमीची सकाळ होती. पाटावर झेंडूची फुलं होती, यतीनरावांच्या पत्नीची, विनीताची शिवणाची कात्री होती, अनिकाचा लॅपटॉप होता आणि मधोमध दोरी चढवलेलं एक नवंकोरं, सडपातळ धनुष्य होतं. ओढायला बेचाळीस पौंडांचा जोर लागणारं. यतीनरावांचं पंचावन्न पौंडांचं धनुष्य पंगतीत जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखं भिंतीला टेकून उभं होतं.

“मी ठेवलं,” अनिका म्हणाली. “तुझ्यासाठी आहे, बाबा. तुझा खांदा आता पहिल्यासारखा नाही राहिला.”

या घरात एक रीत पडून गेली होती. खंडेनवमीला ज्या धनुष्याची पूजा व्हायची, तेच दसऱ्याला उत्तर जॉर्जियाच्या डोंगरात हरणाच्या शिकारीला जायचं. एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. म्हणजे जे ठरायचं ते आत्ताच ठरणार होतं.

यतीनराव मूळचे साताऱ्याचे. कॉम्प्युटरच्या नोकरीपायी अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटाला आले आणि धनुष्याच्या नादी लागले. चाकं लावलेल्या आधुनिक धनुष्याला ते तुच्छतेनं ‘मशीन’ म्हणत. धनुष्य असावं तर साधं, लाकडाचं, आणि असं की ऐऱ्यागैऱ्याला ओढता येऊ नये. घरी पाहुणे आले की ते आपलं धनुष्य त्यांच्या हातात देत, आणि कुणालाच ते पुरतं ओढता आलं नाही की जेवणात दोन घास जास्त खात.

गेल्या हंगामात मात्र त्यांचा बाण हरणाच्या पोटात लागला. पोटात लागलेलं हरीण लवकर मरत नाही. बापलेक रक्ताच्या थेंबांमागे अंधारून दिसेनासं होईपर्यंत फिरले, दुसरा अख्खा दिवस फिरले. हरीण सापडलं नाही. “बाण सुटल्यावर त्यानं पाऊल टाकलं,” असं यतीनराव पुढे सगळ्यांना सांगत राहिले. त्यावर अनिका कधी काही बोलली नाही. फक्त हिवाळ्यात एकदा तिनं सांगून टाकलं, की पुन्हा असं झालं तर ती त्यांच्याबरोबर कधीच येणार नाही. लेक हट्टी होती, बापावर गेली होती. यतीनरावांना त्या बोलण्याची धास्ती बसली होती, पण ते कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“बेचाळीस पौंडांनी हरणाला गुदगुल्या होतील,” ते म्हणाले.

“जवळ जायचं ना, बाबा. बाण हेवी घेतलाय. टोकाचं पातं एकदम शार्प केलंय. बरोबर जागी बसला तर आरपार जातो, हरणाला कळायच्या आत संपतं सगळं. बरोबर जागी बसला तर.”

“माझा बरोबरच बसतो. चल, दाखवतो.”

मागच्या अंगणात, झाडांच्या रांगेपुढे गवताच्या गाठोड्यावर कागदी थाळी टाचलेली असायची. सकाळचा पहिला बाण तेवढा खरा, असा त्या दोघांचा नियम होता. हरीण सरावाला वेळ देत नाही. यतीनरावांनी आपलं जुनं धनुष्य उचललं, ओढलं आणि लगेच सोडलं. बाण थाळीच्या मधोमध घुसला.

“अहो, झालं असेल तर या,” विनीता दारातून म्हणाली. तिच्या हातात निरांजन होतं. “मला दोन्ही धनुष्यं सारखीच. पण त्या पात्याला कुंकू लावणार नाही हं मी, मागे गंज चढला तर केवढे ओरडला होतात.”

“अजून एक, बाबा,” अनिका म्हणाली. “हरीण झाडाआड आहे. ओढ. मी म्हणेन तेव्हाच सोड.”

त्यांनी ओढलं. अनिका काही बोलेना. त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. खांद्यातून कळ निघाली. कोपर हळूहळू पुढे यायला लागलं, आणि बोटांतून दोरी निसटली. बाण गाठोड्याच्या पायथ्याशी मातीत गेला.

“सॉरी, बाबा.” तिचे डोळे भरून आले होते. “चिडू नकोस ना.”

ते चिडले नव्हते. चेहरा मात्र पांढरा पडला होता. ते घरात गेले आणि पाटावरचं नवं धनुष्य उचलून आले. विनीतानं निरांजन रिकाम्या पाटावर टेकवलं.

“सांग,” ते अनिकाला म्हणाले. “कुठे आहे हरीण?”

“झाडाआड.”

त्यांनी बाण लावला आणि दोरी हनुवटीपर्यंत ओढली. कोपर जागचं हललं नाही. अनिकानं बराच वेळ जाऊ दिला.

“बाहेर आलं,” ती हळूच म्हणाली. “पण थांबत नाहीये. चालतंय... अजून चालतंय... गेलं, बाबा.”

यतीनरावांनी बाण न सोडता दोरी सावकाश पुढे जाऊ दिली. बाण जिथल्या तिथे होता. ते त्याच्याकडे बघत उभे राहिले. अनिकाला वाटलं, आता ते हसतील.

“गेल्या वर्षीही हरीण आधीपासून चालतच होतं गं,” ते म्हणाले. “मी बाण सोडला नव्हता, तो सुटला. माझ्यानं धरवला नाही.”