टीव्हीवरचा ज्योतिषी

“मी ज्योतिषी नाही हो, मावशी. कारखान्यात हजेरी घेतो,” श्रीधर म्हणाला.

“ठावं हाय मला.” मनकर्णाबाईने पेरूची पिशवी उंबऱ्याच्या आत सरकवली. “म्हणून तर आले. खरा ज्योतिषी मला नको.”

श्रीधर गोंधळला. आठवडाभर त्याच्या दाराशी आलेल्या प्रत्येकाला खराच ज्योतिषी हवा होता. तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यातला साधा कारकून. नाटकाचा नाद होता. कोणाच्या तरी ओळखीने मुंबईला गेला आणि दूरदर्शनच्या रहस्यमालिकेत एका भागापुरता ज्योतिषी झाला. हा ज्योतिषी एका विधवेला सांगतो, तुझा हरवलेला मुलगा जिवंत आहे, तो परत येणार. मग तिचे दागिने घेऊन पळतो. शेवटी गुप्तहेर त्याला गाठतो, हातात बेड्या पडतात.

हे सगळं लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी शहागंजातल्या भाजीवालीने आधी त्याला गरीब बाईला लुबाडल्याबद्दल शिव्या घातल्या आणि मग वांगी तोलता तोलता स्वतःचाच हात पुढे केला. कारखान्यातल्या साहेबानेही दार लावून घेऊन तळवा दाखवला. लोकांना कळतं, वळत मात्र नाही. श्रीधरला सुरुवातीला हसू यायचं. आता कोणी हात पुढे केला की त्याला भीती वाटायची.

मनकर्णाबाईने मात्र हात पुढे केला नाही. ती दौलताबादहून आली होती आणि आपलं काम तिने उभ्यानेच सांगितलं. तिचा मुलगा लक्ष्मण वावर विकून ट्रक घ्यायचा म्हणाला, तेव्हा बापाने चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली. पोरगा त्याच पावली निघून गेला. तेव्हापासून तीन दिवाळ्या झाल्या, ना पत्र, ना निरोप. आता बाप, कडूबा, अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. म्हणजे काय, ते कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

“शेजाऱ्याच्या घरी त्यांची बाज उचलून नेली होती टीव्ही बघायला,” ती म्हणाली. “तुमी त्या बाईला म्हणलात, पोरगं येणार. आन तेवढ्यात लाईट गेली. पुढचं त्यांनी बघितलंच नाय. दुसऱ्या दिशी शेजारीण सांगत आली, तो तर लबाड निघाला म्हणून. म्या तिला दारातूनच परत धाडलं. आता त्यांनी एकच धरलंय, त्या महाराजाला घेऊन ये.”

“मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलू म्हणता?”

“थापड मारलेला हात सारखा उशाखाली दाबून ठेवतेत ते, भाऊ. तिथं तुमी लुबाडायला बोललात. इथं पुण्य म्हणून बोला.”

श्रीधरला नाही म्हणवेना. पण एस.टी.त बसल्यावर त्याने मनाशी पक्कं केलं, खोटं बोलायचं नाही. धीर द्यायचा, चहा घ्यायचा आणि परत फिरायचं. मालिकेत ते वाक्य बोलताना समोर नटी होती. तिच्या डोळ्यांत औषध घालून पाणी आणलं होतं. इथे समोरचं माणूस खरं असणार होतं, आणि पोरगा परत आलाच नाही तर ते खोटं कोणाच्या डोक्यावर बसणार? बाजूच्या सीटवर मनकर्णाबाई पदर तोंडाशी धरून बसली होती. तिच्याकडे बघायचं त्याने टाळलं.

घर किल्ल्याच्या अंगाला होतं. दारातच बाजेवर कडूबा पडला होता, गोधडीखाली माणूस आहे की नाही कळू नये इतका वाळलेला. डोळे तेवढे जागे होते.

“आले बघा महाराज,” मनकर्णाबाई म्हणाली. नवऱ्याच्या पाठीमागून तिने श्रीधरला हात जोडले आणि चहा टाकायला आत गेली. चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग आतून काहीच ऐकू येईना.

श्रीधरने कडूबाचा उजवा हात हातात घेतला. पाहायला काय होतं त्यात? रेघांपेक्षा घट्टेच जास्त होते. त्याला त्या म्हाताऱ्याची आणि स्वतःचीही फार कीव आली.

“बाबा, माफ करा,” तो हळूच म्हणाला. “मी ज्योतिषी नाही.”

“ठावं हाय,” कडूबा कुजबुजला. “न्हाव्यानं दाढी करता करता समदी गोष्ट सांगितली. पार तुमाला बेड्या पडल्या तिथपर्यंत.”

श्रीधरने विचारलं, “मग मला कशाला बोलावलंत?”

कडूबाला धाप लागली. ती बसेपर्यंत त्याने श्रीधरचं मनगट सोडलं नाही. मग त्याने मान वळवून आतल्या दाराकडे पाहिलं. दाराआड लुगड्याचा काठ दिसत होता.

“माझं काय, मी चाललो,” तो म्हणाला. “पोरगं येईल का नाय, देवाला ठावं. पर माझ्यामागं तिनं कोणासाठी चूल पेटवायची? त्या दिशी लाईट गेली, साहेब. तिला शेवट ठाऊक नाय. तवा जरा मोठ्यानं सांगा, आत ऐकू गेलं पाहिजे.”