पुढच्याचा हात

"अहो बाई, हात! हात दाखवा!" मागून कॅप्टन ओरडला, तोवर त्याचं चाक खड्ड्यात आपटून बाहेरही आलं होतं.

"चुकलं," बाई म्हणाल्या. "पळताना असलं काही करावं लागत नाही."

"पळताना ज्याचा तो पडतो. इथे पुढचा चुकला की मागचा जातो." बोलून गेल्यावर कॅप्टनने जीभ चावली.

बाई म्हणजे शाळेतल्या पीटीच्या बाई. अर्धं आयुष्य पळण्यात गेलेलं, मॅरेथॉन म्हणजे हातचा मळ. पण सायकलवरची तीनशे किलोमीटरची राइड पहिलीच. सायकलसुद्धा त्यांची नव्हती, धाकट्या भावाची होती. गेल्या वर्षी याच राइडमध्ये तो खड्ड्यात पडला तो उठलाच नाही. "त्याचं राहिलेलं मी पुरं करते," असं बाईंनी आईला सांगितलं, तेव्हा आई नुसती सायकलवरून हात फिरवत बसली.

कॅप्टनचं औषधांचं दुकान होतं, पण सायकल क्लब त्याने उभा केला म्हणून सगळे त्याला कॅप्टनच म्हणत. धाकट्याला दवाखान्यात त्यानेच नेलं होतं. "ऐकलं नाही हो पोराने, एकटाच पुढे सुटला," असं म्हणत आईसमोर ढसाढसा रडला होता. बाईंना शेवटपर्यंत न्यायची जबाबदारीही त्याने आपणहून अंगावर घेतली होती.

"आता मागे या," तो म्हणाला. "माझ्या चाकाला चिकटून राहायचं. वारा मी खातो. तुम्ही मान खाली घालायची आणि पायडल मारायचं. खड्डा डावीकडे असला तर मी डावा हात खाली करीन, उजवीकडे असला तर उजवा. तुम्ही फक्त दुसऱ्या बाजूने जायचं."

"आणि तुमचं लक्ष नसलं तर?"

"मग कॅप्टन कशाला म्हणतात मला?"

दुसऱ्याच्या भरवशावर मान खाली घालणं बाईंच्या जिवावर आलं होतं. पण दुपारी समोरून वारा भणाणायला लागला, तेव्हा मुकाट्याने मागे आल्या आणि पायांना खरंच आराम पडला. धाकटा या सुखाबद्दल घरी किती बडबडायचा! तेव्हा बाई त्याला आळशी म्हणून चिडवायच्या.

सपाट रस्ता लागला तसा कॅप्टनने मोबाईल काढला. एक हात हँडलवर, दुसऱ्याने क्लबसाठी व्हिडिओ. "हसा बाई!" बाई हसल्या आणि त्याच क्षणी त्यांचं चाक दगडावरून घसरलं. पडता पडता वाचल्या.

"अरेच्चा, दाखवायचं राहिलंच," कॅप्टन म्हणाला आणि मोबाईल खिशात टाकला.

पुढच्या थांब्यावर तो तोंड धुवायला गेला. राइडच्या कार्डावर हजेरीचा शिक्का मारणाऱ्या काकांनी सायकल ओळखली.

"तुम्ही त्या पोराच्या कोण?"

"मोठी बहीण."

काका गडबडले. "गुणी पोरगा हो. मी म्हटलं, पुढे रस्ता वाईट आहे, जपून जा. तर म्हणतो कसा, काका, मी कॅप्टनचं चाक सोडतच नाही."

"एकटा नव्हता निघाला?"

"छे हो! पुढे हे, मागे तो. तेव्हाही यांच्या हातात मोबाईलच. मी हटकलं, तर हसले."

बाई नळाखाली बाटली धरून उभ्या होत्या. बाटली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

"काय म्हणत होते काका?" कॅप्टनने परत येऊन विचारलं.

"रस्ता वाईट आहे म्हणाले."

दिवस कलला. उशीर झालेल्यांना उचलणारी गाडी मागून येतच होती आणि कॅप्टनच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. "तुम्ही व्हा पुढे," तो कण्हत म्हणाला. "माझ्यापायी तुमचीही राइड जाईल."

"तुम्हाला सोडून कशी जाऊ? माझ्या मागे या."

"दाखवाल ना नीट?"

"शिकलेय आता."

कॅप्टनने मान खाली घातली. बाईंनी एकूण एक खड्डा दाखवला. कधी डावा हात, कधी उजवा. मागून "शाब्बास!" ऐकू यायचं. थकलेला माणूस आता लहान पोरासारखा निर्धास्त चालला होता.

"तो नक्की कुठे पडला हो?" बाईंनी मान न वळवता विचारलं.

"पुलाच्या अलीकडे." मागून त्याची धाप ऐकू आली. "मी फार मागे होतो बाई. जवळ असतो तर पडू दिला असता का त्याला?"

आता तरी खरं बोलेल, असं बाईंना मनापासून वाटलं होतं. बोलला असता तर दोघं तिथेच रस्त्याकडेला बसून रडले असते.

"तुमच्याशिवाय त्याला होतं कोण," त्या म्हणाल्या आणि वेग वाढवला. कॅप्टनने चाक सोडलं नाही.

उतार लागला. खाली पूल दिसायला लागला. त्याच्या अलीकडे, रस्त्याच्या उजव्या अंगाला, एक मोठा खड्डा आ वासून पडला होता.

बाईंनी डावा हात हँडलवरून काढला आणि मागच्याला नीट दिसेल असा खाली केला.