क्वेंबलचे दाखले

क्वेंबलच्या खणात एकही चिठ्ठी नव्हती. सहायक संपादिकेने खण बाहेर काढला, उलटा केला, तळावरून बोट फिरवलं. बोटाला फक्त धूळ लागली.

कोशातल्या प्रत्येक शब्दामागे किमान तीन चिठ्ठ्या लागायच्या. तो शब्द कोणी, कुठे, केव्हा वापरला, याचा दाखला प्रत्येक चिठ्ठीवर असायचा. क्वेंबलला दाखला नव्हता, बाकी सगळं होतं. ‘क्वेंबल : इंग्रजी, आता वापरात नाही. एक, गाडीचं चाक आणि आस यांच्यामधली ढिलाई. दोन, प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली शांतता. तीन, त्या शांततेत उत्तर देणाऱ्याला फुटणारा घाम.’ व्युत्पत्त्याही दोन होत्या. काहींच्या मते खलाशांच्या बोलीतून, काहींच्या मते सुतारांच्या. हे ‘काही’ कोण, ते दिलेलं नव्हतं.

तिने प्रतिस्पर्ध्यांचा नवा कोश उघडला. तिथेही क्वेंबल होता. तिन्ही अर्थ, दोन्ही व्युत्पत्त्या, स्वल्पविरामांसकट.

तीन आठवडे ती हेच शोधत होती. त्या लोकांनी आपला कोश जसाच्या तसा उतरवलाय, याबद्दल मुख्य संपादकांची खात्री होती. पण शब्द सगळ्यांचेच असतात. चोरी सिद्ध करायची तर बाईंचा, म्हणजे कोशाच्या आधीच्या संपादिकेचा, शब्द सापडायला हवा होता. निवृत्त होण्याच्या कितीतरी आधी बाईंनी कोशात एक खोटा शब्द पेरून ठेवला होता, चोर पकडण्यासाठी. तो कोणता, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. “सापळ्याचा पत्ता वाटत फिरू का? शोधून आणा, मी हो किंवा नाही म्हणेन.”

शब्द सापडला तर सहायक संपादिकेची नोकरी कायम होणार होती. नाहीतर महिनाअखेरीस तिची मुदत संपत होती.

मुख्य संपादकांनी जाहीर माफीची मागणी करणारं पत्र स्वतः टाइप केलं आणि पाकिटावर तिकीट चिकटवलं. “बाईंचा हो आला की पाचच्या टपालात टाकतो. कशी तंतरते बघा त्यांची.”

दार बाईंच्या यजमानांनी उघडलं. त्यांच्या हातात झाडांना पाणी घालायची झारी होती. शब्द ऐकला आणि त्यांनी झारी खाली ठेवली. मग भिंतीला हात टेकून ते हसत राहिले.

“पुरे,” बाई आतून म्हणाल्या. “तू बस गं. हा माझा शब्द नाही.”

“मग तुमचा कोणता?”

“पान आठशे बारा. आहे तिथेच बिचारा. अडतीस वर्षं पिंजरा लावून बसलेय, एक उंदीर फिरकला नाही.”

“खोटा आहे हे लांबून कळतं त्याच्याकडे बघून,” यजमान म्हणाले.

“पण बाई, क्वेंबलला एकही दाखला नाहीये.”

“कसा असेल? पान सहा ओळींनी कमी पडत होतं आणि छापखान्याचा माणूस जिन्यात उभा. एका जुन्या कोशातून उचलला मी तो. इतका भरल्या घरचा शब्द, शंका कशी येणार? पुढे त्या कोशाचे संपादक एका समारंभात भेटले. चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाले, आमचा क्वेंबल तुमच्याकडे सुखात आहे ना?”

“मग?”

“मग काय. लग्न केलं त्यांच्याशी. मला चार लोकांत हसण्यापेक्षा घरात हसलेले बरे.”

“सुतारांची व्युत्पत्ती करायला मला दोन दिवस लागले होते,” यजमान म्हणाले.

तेवढ्यात सहायक संपादिकेचा फोन वाजला.

“पाचला दहा कमी आहेत,” मुख्य संपादक म्हणाले. “पाकीट हातात आहे माझ्या. बोला, बाईंचाच ना?”

एक ‘हो’ म्हटलं की काम झालं असतं. हे दोघं काही बोलायला जाणार नव्हते. ती काहीच बोलली नाही. कपाळावर घाम आला, तो तिने पुसलाही नाही. बाईंनी घड्याळात पाहिलं, टेबलाच्या खणातून कोऱ्या चिठ्ठ्या काढल्या आणि लिहायला लागल्या.

“सर, पत्र टाकू नका,” ती अखेर म्हणाली. “तो शब्द आपणच चोरलेला आहे. ऐकताय ना?”

पलीकडून आवाज येईना. मग काही न बोलताच फोन ठेवल्याचा आवाज आला.

बाईंनी शेवटच्या चिठ्ठीवर तारीख आणि वेळ घातली. यजमानांनी वाकून तिन्ही वाचल्या आणि एका ठिकाणी स्वल्पविराम दिला.

“दुसऱ्या अर्थाचे दोन, एक तुझा, एक तुझ्या संपादकाचा. तिसऱ्याचा एक, तो कपाळावरचा,” बाई चिठ्ठ्या तिच्या हातात देत म्हणाल्या. “झाले तीन. आता तो शब्द खरा आहे. आणि त्याचे दाखले तू मिळवलेस, हे तुला कायम करताना कागदावर लिही म्हणावं त्याला.”