ठकीलाही मोजा

“हे गाईड लोक डोकी मोजतात, माणसं नाही. बसमध्ये बसताना आपलं माणूस आपणच बघून घ्यावं,” सकाळी सासूबाई म्हणाल्या होत्या.

“आई, त्याचं काम तो करेल,” म्हणत तिने विषय उडवून लावला होता.

आता बाजाराच्या तोंडाशी तोच गाईड मिटलेली छत्री एकेकावर रोखत होता. “...सोळा, सतरा. सगळे हजर! चला.”

तिच्या छातीशी पट्ट्यांनी बांधलेल्या ठकीवरून छत्री सरळ पुढे गेली होती.

“हिला मोजलं नाहीत.”

“ताई, दोन वर्षांच्या आत तिकीट नाही. कडेवरची पोरं आम्ही मोजत नाही.”

“म्हणजे ही हरवली, तर तुमच्या लेखी कोणी हरवलंच नाही?”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. तिचं डोकं आणखीच सणकलं.

गल्ल्या चिंचोळ्या होत्या. मासळीच्या पाट्यांवरून पाणी थेट चपलांवर गळत होतं, आणि लोक मेलेल्या माशांबरोबर हसून फोटो काढत होते. “इथलं सूप प्यायल्याशिवाय शहर बघितलं म्हणू नका!” गाईड ओरडला. सगळे भुरके मारू लागले. तिने चमचा तीनदा पुसला आणि तसाच खाली ठेवला.

फळवाल्याजवळ तिच्या हनुवटीखाली चुरूचुरू आवाज आला. ठकीच्या तोंडात कलिंगडाची फोड होती. दुसरी सासूबाईंच्या हातात तयार.

“आई! बाहेरचं कापलेलं द्यायचं नाही म्हटलं होतं ना?”

“एवढीशी तर फोड. कशी गप्प झालीय बघ.”

“पोट बिघडलं की निस्तरायचं मला!”

सासूबाईंनी फोड खाली ठेवली. करड्या स्वेटरच्या बाहीला हात पुसले. पर्समधून आपला फोन काढून त्यावर पाखरांचा व्हिडिओ लावला आणि ठकीच्या हातात दिला. “घे बाई. हे तरी चालेल ना तुझ्या आईला?”

टोमणा नेमका बसला. ती तोंड फिरवून चालू लागली.

गल्ली संपता संपता तिच्या लक्षात आलं, ठकीच्या एका पायात नुसता मोजा होता.

“बूट कुठंय?”

“अगं, आत्ता तर होता. फळवाल्याकडे...”

“होता! लक्ष ठेवा म्हणून शंभरदा सांगितलं. एक काम धड होत नाही तुमच्याच्याने!”

उत्तराला ती थांबलीच नाही. पलीकडे बस हॉर्नवर हॉर्न वाजवत होती.

बसच्या दारात तिने पट्टे सोडले आणि ठकीला पायरीवर उभं केलं. “आता मोजा. माझ्यासमोर.”

गाईडने हात जोडले. छत्री आत बसलेल्यांवरून भरभर फिरली. “...पंधरा, ताई तुम्ही सोळा,” आणि ठकीच्या टोपीवर हलकेच टेकली, “या बाईसाहेब सतरा! झालं समाधान?”

“झालं.”

जिंकल्यासारखी ती पुढच्या सीटवर बसली. सासूबाईंची जागा सकाळपासून अगदी मागे होती, गुडघे लांब करता यावेत म्हणून. तिने मुद्दामच मागे बघितलं नाही. बस निघाली.

पूल गेला. मोठा रस्ता लागला. ठकीचा मोज्यातला पाय तिने तळव्यात धरला आणि राग हळूहळू उतरायला लागला. जरा जास्तच बोललो आपण. पण मागे जाऊन सगळ्यांदेखत बोलायचं नको वाटलं. बूट जाऊ दे, दुसरा घेऊ, एवढंच सांगावं म्हणून तिने सासूबाईंना फोन लावला.

ठकीच्या मांडीवरची पाखरं थांबली, आणि फोन तिथेच वाजू लागला.

तुमच्यापैकी कोणी आत्ता त्या बाजारात असाल, तर फळवाल्याच्या आसपास जरा बघा. करडा स्वेटर, हातात लहान मुलीचा एक बूट. त्या स्वतःहून कोणाला काही विचारणार नाहीत. तुम्हीच विचारा.