ओढून धरलेली कड

शिकाऊ डॉक्टरला ऑपरेशन थिएटरमध्ये आधी एकच गोष्ट पढवतात: काम नसेल तेव्हा हात छातीशी जुळवून उभं राहायचं, कशाला शिवायचं नाही. मला मात्र काम होतं. सरांना आतलं नीट दिसावं म्हणून जखमेची कड रिट्रॅक्टरने ओढून धरायची.

दिव्याची ऊब होती, मॉनिटर एका लयीत वाजत होता. उभ्याउभ्याच माझा डोळा लागला.

“झकास! आज हात अजिबात थरथरत नाहीये तुझा,” सर मान वर न करता म्हणाले.

मी दचकून डोळे उघडले. माझे दोन्ही हात छातीशी जुळलेले होते. रिट्रॅक्टर जखमेत तसाच होता, ओढलेला. त्याच्यावर कुणाचाच हात नव्हता.

“जरा तुझ्याकडे ओढ.”

तो अलगद माझ्या बाजूला सरकला. स्वप्नात कशाचंच नवल वाटत नाही, तसं मलाही वाटलं नाही.

“बास. टाके घालू या, सोड आता.”

तो सुटेना.

“अगं, सोड ना!”

मी हात पुढे करून दांडी धरली. माझ्या बोटांखाली आधीच कुणाचीतरी बोटं होती. ती आणखी घट्ट झाली.