जर्मनीहून आलेल्या खिडक्या

"आई, खिडक्या बसवल्यास ना? आता वारा येत नाही ना?" जर्मनीहून प्लामेनने फोनवर विचारलं.

"बसवल्या रे बाबा. वाऱ्याची काय बिशाद आत शिरायची!" दोन्का म्हणाली.

फोन ठेवून तिने स्वेटरवर आणखी एक स्वेटर चढवला आणि दुखऱ्या गुडघ्यांना शिव्या घालत ती अंगणात आली. जुन्या फळ्या ठोकून केलेल्या पेटीत तांबड्या मिरचीची इवली रोपं होती. पेटीवर झाकण म्हणून मुलाने पाठवलेल्या दोन्ही नव्याकोऱ्या, दुहेरी काचांच्या खिडक्या आडव्या टाकल्या होत्या. घरातल्या जुन्या खिडक्यांच्या फटींत तिने वर्तमानपत्रं कोंबली होती.

कुंपणापलीकडून शेजारीण मिन्का ओरडली, "अगं दोन्के, डोकं फिरलंय का तुझं? मार्च अजून सरला नाही. मिरच्यांना बंगला आणि तू मर गारठून?"

दोन्काने काचेवरचा बर्फ बाहीने पुसला. "ऑगस्टात येतो ना पोरगा, लुतेनित्सा चटणीच्या बरण्या न्यायला. या मिरच्या भाजूनच तर भरते त्या बरण्या."

"मग?"

 

"मागच्या वर्षी रोपं गारठून मेली, तर तो आलाच नाही गं."